दोंगशान बेट (फुजियान, चीन): जुना किल्ला एका टोकावरच का, आणि देवाच्या नावाने नोंदलेले कुटुंब म्हणजे काय?

तटबंदी यांचा प्रश्न

नमस्कार. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील ज्या काउंट्या (आपल्या तालुक्यासारखे प्रशासकीय विभाग) पूर्णपणे बेटांवर वसलेल्या आहेत, त्यांच्याविषयी मी गेले काही महिने वाचतो आहे. त्यात फुजियान प्रांताच्या दक्षिण टोकाजवळ असलेल्या दोंगशान काउंटीपाशी मी अडकलो. हे बेट आकाराने फार मोठे नाही. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 220 चौरस किलोमीटर आहे आणि प्रशासनाच्या दृष्टीने ते झांगझोउ या शहराच्या अखत्यारीत येते. तरीही मिंग काळातील चाच्यांपासून 1683 च्या तैवान मोहिमेपर्यंत आणि तिथून थेट 1953 च्या लढाईपर्यंत त्याचे नाव वारंवार पुढे येते.

माझ्या शंका अशा आहेत. जुन्या वृत्तांतांत 'थोंगशान' हे नाव येते आणि नव्यांत 'दोंगशान'; ही एकाच जागेची दोन नावे आहेत का? एवढे बेट मोकळे असताना तटबंदीचे गाव ईशान्येच्या चिंचोळ्या टोकावर का वसवले गेले? त्या तटाजवळ वाऱ्याने हलणारा म्हणून प्रसिद्ध असलेला एक प्रचंड दगड आहे; तो निसर्गतःच तसा आहे की कोणी रचून ठेवला आहे? आणि सर्वांत मोठे कुतूहल म्हणजे, तिथल्या ग्वान-दी मंदिरातील एका शिलालेखात गावकऱ्यांनी देवालाच आपला कुटुंबप्रमुख म्हणून सरकारदरबारी नोंदवल्याचे मी वाचले. हे शब्दशः खरे आहे का? जाणकारांनी सवडीने लिहावे ही विनंती.

---

खारजमीन यांचे उत्तर

भूगोलाकडून सुरुवात करतो, कारण तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेचे उत्तर बरेचसे तिथेच आहे.

दोंगशान हे फुजियानमधले पिंगतानच्या खालोखाल दुसरे मोठे बेट. नकाशावर त्याची किनाररेषा पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते, म्हणून चिनी लोक त्याला लाडाने 'फुलपाखरू बेट' म्हणतात. हा आकार असाच आलेला नाही. बेटाच्या गाभ्यात ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामध्ये समुद्राने व वाऱ्याने आणून टाकलेली वाळूची सखल पट्टी आहे. टेकड्या पुढे सरसावलेल्या आणि मधली वाळू कमानीसारखी आत वळलेली, त्यामुळे आग्नेय किनाऱ्यावर एकापाठोपाठ एक चंद्रकोरीसारख्या पुळणी तयार झाल्या आहेत. मालुआन, जिनलुआन आणि वूजिआओ ही त्यांतली ठळक नावे. सर्वांत उंच टेकडी सूफेंग. तिची उंची 274 मीटर, म्हणजे डोंगर म्हणावा अशी नव्हे. परंतु ती समुद्राला अगदी खेटून उभी असल्यामुळे आहे त्याहून बरीच उंच भासते. इथली वाळू सिलिकाने समृद्ध असून काच बनवण्यासाठी तिला मोठी मागणी असते. वाळूच्या या गुणाचे ज्यांना कौतुक वाटते त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की शतकानुशतके हीच वाळू या बेटाची वैरीण होती. त्याविषयी पुढे कोणी लिहीलच.

बेटाच्या ईशान्येला दोंगशान उपसागर आहे आणि त्याच्या पलीकडे गुलेई द्वीपकल्पाची लांब पट्टी. पश्चिमेला झाओआन उपसागर. वायव्येला मुख्य भूमीपासून बेटाला वेगळे करणारी अरुंद खाडी आहे. तिचे नाव बाछीमेन, शब्दशः 'आठ हातांचे दार' असा त्याचा भाव. छी हे चिनी लांबीचे माप आपल्या हातापेक्षा आखूड असते, पण नावातला अतिशयोक्तीचा नखरा त्याने बदलत नाही.

आता किल्ल्याची जागा. ईशान्येचे थोंगलिंग हे टोक बरोबर दोंगशान उपसागराच्या तोंडाशी आहे. वादळात जहाजांना आसरा द्यायचा असेल किंवा उपसागरात शिरणाऱ्या परक्या गलबतांवर नजर ठेवायची असेल, तर याहून चांगली जागा बेटावर सापडत नाही. तीन बाजूंना समुद्र, एका बाजूला बेटाशी जोडणारी अरुंद मान, पायाखाली घट्ट ग्रॅनाइट आणि हाताशी बांधकामाचा अमाप दगड. बेटाचा मध्य शेतीला बरा असेलही, परंतु ज्यांनी गाव वसवले त्यांना शेती करायची नव्हती.

दगडाविषयी. त्याचे चिनी नाव फेंगदोंगशी, म्हणजे 'वाऱ्याने हलणारा दगड'. उंची, लांबी आणि रुंदी प्रत्येकी साडेचार मीटरांच्या थोडी वर, आणि वजन सुमारे 200 टन सांगितले जाते. वरून निमुळता, खाली फुगीर आणि टेकलेला मात्र अगदी थोड्या जागेवर. तो कोणी रचलेला नाही. ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या भेगा असतात. त्यांतून पाणी झिरपून ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात, मग कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटत जातात आणि शेवटी चौकोनी ठोकळ्याच्या जागी गोटा उरतो. भोवतालचा भुसभुशीत माल पाण्याने वाहून गेला की तो गोटा खालच्या खडकावर एकटा बसलेला दिसतो. इथे विशेष एवढेच की गोट्याचा तळ किंचित वक्र आहे आणि गुरुत्वमध्य खाली आहे, म्हणून जोराच्या वाऱ्यात तो डुलतो आणि परत आपल्या जागी येतो. जमिनीवर पाठ टेकून दोन्ही पायांनी जोर लावला तर एकटा माणूसही त्याला जाणवण्याइतका हलवू शकतो, असे पाहणारे सांगतात.

13 फेब्रुवारी 1918 रोजी शेजारच्या नान-आओ बेटाजवळ सुमारे 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि त्यात या सबंध किनाऱ्यावर घरे पडली. दगड मात्र जागचा ढळला नाही. जपानी जहाजांनी त्याला दोरखंड बांधून ओढून पाहिल्याची एक गोष्टही सांगितली जाते. ती मी गोष्ट म्हणूनच घेतो.

---

दप्तरखाना यांचे उत्तर

खारजमीन यांनी जागेचे कारण नेमके सांगितले. त्याला मी काळाची जोड देतो.

पहिल्या शंकेचे उत्तर प्रथम. थोंगशान हे तटबंदीच्या गावाचे जुने नाव, अक्षरशः 'तांब्याचा डोंगर'. दोंगशान म्हणजे 'पूर्वेचा डोंगर', आणि हे आता सबंध काउंटीचे नाव आहे. काउंटी म्हणून बेटाला वेगळे अस्तित्व मिळाले ते फार उशिरा, 1916 मध्ये. त्याआधी ते झाओआनसारख्या मुख्य भूमीवरील काउंटीचा भाग होते. म्हणून 1916 पूर्वीच्या लेखनात 'थोंगशान' आले तर ते बहुतेक वेळा ईशान्येचा किल्ला आणि त्याचे बंदर या अर्थाने आलेले असते. संपूर्ण बेट समजून वाचले तर घोटाळा होतो. जुन्या गावाला आज थोंगलिंग म्हणतात. काउंटीचे मुख्यालय तिथे राहिलेले नाही, ते शीबू येथे आहे.

किल्ला 1387 चा. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याने झोउ देशिंग या सरदाराला फुजियानच्या किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी पाठवले. त्याने स्थानिक लोकांतून एक लाखाहून अधिक शिबंदी उभी केली, मोक्याच्या जागा हेरून सोळा तटबंद्या बांधल्या आणि पंचेचाळीस गस्तीच्या चौक्या बसवल्या, असे मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात नोंदले आहे. थोंगशान ही त्या साखळीतली एक कडी. ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा हा तट सुमारे 1900 मीटर लांब आणि सुमारे सात मीटर उंच होता आणि त्याला चार दिशांना चार वेशी होत्या. लष्करी दर्जा होता 'च्यानहू-स्वो'चा, म्हणजे हजार सैनिक-कुटुंबांच्या ठाण्याचा. कागदोपत्री अशा ठाण्यात 1,120 सैनिक असत. वरचे ठाणे होते झेनहाई. पुढे थोंगशान हे फुजियानच्या पाच आरमारी तळांपैकीही एक झाले, म्हणजे इथे पायदळ आणि गलबते दोन्ही होती.

शत्रू कोण, हे सांगताना बहुतेक लेख 'जपानी चाचे' एवढे लिहून थांबतात. चौदाव्या शतकाच्या शेवटी ते ढोबळमानाने ठीक होते, परंतु सोळाव्या शतकाच्या मध्यावर ज्यांना वोकोउ, म्हणजे 'जपानी चाचे', म्हटले गेले त्यांत चिनी माणसांचाच भरणा अधिक होता. याचे कारण मिंग दरबाराची सागरबंदी. समुद्रावरचा खाजगी व्यापार बेकायदा ठरवल्यावर या खडकाळ किनाऱ्यावरच्या ज्या माणसाला शेतीत पोट भरता येत नव्हते तो एकतर चोरटा व्यापारी झाला किंवा चाचा, आणि पुष्कळदा दिवसानुसार दोन्ही. 1567 मध्ये बंदी शिथिल झाली आणि याच झांगझोउ परिसरातील युएगांग बंदरातून परवान्याने परदेशी व्यापार सुरू झाला. त्यानंतर चाचेगिरीही ओसरली. तट बांधून जे साधले नव्हते ते परवान्याच्या एका कागदाने बरेचसे साधले, असे माझे मत आहे.

सतराव्या शतकात थोंगशानची भूमिकाच उलटी झाली. मिंग घराणे कोसळल्यावर मांचू सत्तेविरुद्ध लढणाऱ्या झेंग चेंगगोंग याने, ज्याला युरोपीय कागदांत कोक्सिंगा म्हणतात, या बेटाचा तळ म्हणून वापर केला. त्याचा मुलगा झेंग जिंग 1664 मध्ये मुख्य भूमीवरचे तळ हातचे गेल्यावर इथूनच तैवानकडे निघून गेला. मागे राहिलेल्यांवर मांचू सरकारचा किनारा रिकामा करण्याचा हुकूम कोसळला. झेंग यांना रसद मिळू नये म्हणून 1661 पासून किनाऱ्यावरच्या प्रजेला कित्येक मैल आत हाकलले जात होते. थोंगशानवर ती पाळी 1664 मध्ये आली. घरे जाळली गेली, मंदिरे ओस पडली आणि गाव कित्येक वर्षे उजाड राहिले.

मग 1683. आरमारप्रमुख शी लांग याने तैवान मोहिमेसाठी निघण्याची जागा म्हणून थोंगशान निवडले. यामागे वाऱ्याचा हिशेब होता. प्रांताचा वरिष्ठ अधिकारी याओ छीशेंग याला उत्तरेच्या वाऱ्यावर जायचे होते. शी लांगचे म्हणणे असे की उत्तरेचा वारा खवळलेला असतो आणि त्यात गलबते विखुरतात. उन्हाळ्यातला दक्षिणेचा वारा मंद असतो, रात्री नांगर टाकता येतो आणि दक्षिणेकडच्या बंदरातून निघाले तर तैवानच्या वाटेवरच्या पेंगहू बेटांवर वाऱ्याची बाजू धरून चाल करता येते. धोका एकच, तो तुफानांचा. 8 जुलै रोजी वीस हजारांवर सैन्य घेऊन त्याने थोंगशान सोडले, 10 जुलैची पहिली चकमक अंगाशी आली आणि 16 जुलैच्या लढाईत झेंग यांचे आरमार मोडले. पुढच्याच वर्षी तैवान फुजियान प्रांताला जोडला गेला.

---

तटबंदी यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. शी लांग आणि वाऱ्याचा मुद्दा मला पूर्णपणे नवा होता. आता शिलालेखाविषयी कोणी लिहील का? 1664 मध्ये गाव उजाड झाले असेल, तर मंदिर आणि शिलालेख त्यानंतरचे असणार, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का?

---

ओलेती शाई यांचे उत्तर

तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. मंदिर किल्ल्याइतकेच जुने मानले जाते, अर्थात वेळोवेळी दुरुस्त झालेले. शिलालेख मात्र 1713 चा आहे.

ग्वान-दी म्हणजे तिसऱ्या शतकातील सेनानी ग्वान यू याचे दैवत झालेले रूप. शपथेला जागणारा वीर म्हणून सैनिक त्याला मानत आणि दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून व्यापारीही. किल्ल्याच्या शिबंदीने तटाच्या आत त्याची स्थापना करावी यात नवल नाही. देऊळ टेकडीच्या उतारावर आहे, तोंड समुद्राकडे. दर्शनी मंडपाच्या छपरावर चिनी मातीच्या रंगीत भांड्यांचे तुकडे कापून घडवलेल्या मूर्तींची दाटी आहे. ही दक्षिण फुजियानची खास कला, आणि मला स्वतःला देवळातली सर्वांत देखणी गोष्ट तीच वाटते. 1996 मध्ये या मंदिराला राष्ट्रीय पातळीवरील संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला.

आता शिलालेख. तो समजायला मिंग काळातील सैनिकी कुटुंबांची व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. किल्ल्यातील सैनिक दुसऱ्या भागांतून आणून वसवलेले होते आणि त्यांची नोकरी वंशपरंपरागत होती. बाप मेला की मुलगा, मुलगा नसेल तर पुतण्या. त्यांची नोंद लष्करी वहीत, गावकऱ्यांची मुलकी वहीत. अशा गावात शंभर आडनावांची माणसे असतात, परंतु एकाच पूर्वजाचे मोठे कुळ, त्याची सामाईक जमीन, त्याचे पूर्वज-मंदिर, यांतले काही नसते. दक्षिण फुजियानमध्ये मात्र माणसाची पत कुळावरून ठरत असे.

मिंग सत्ता गेली आणि लष्करी वहीही तिच्याबरोबर गेली. किनारा पुन्हा खुला झाल्यावर परतलेल्या थोंगशानच्या लोकांपुढे प्रश्न उभा राहिला की नव्या राज्याच्या मुलकी वहीत आपली नोंद कोणत्या घराखाली होणार. करांचा आणि वेठीचा हिशेब या नोंदींवर चाले. ज्याचे स्वतःचे खाते नाही त्याला एखाद्या मोठ्या कुळाच्या खात्याला लटकावे लागे, आणि मग त्या कुळाची दादागिरी, वाढीव वसुली आणि अपमान हे सारे ओघाने आलेच. थोंगशानच्या विखुरलेल्या कुटुंबांनी तो जाच अनुभवला.

त्यावर त्यांनी काढलेला मार्ग असा की सगळ्यांनी मिळून एक खाते उघडायचे आणि त्याचा प्रमुख म्हणून ग्वान-दीला ठेवायचे. खात्याला नाव दिले ग्वान योंगमाओ. ग्वान हे देवाचे आडनाव, आणि योंगमाओ म्हणजे 'सदैव बहरलेला'. नंतर देवासमोर करार झाला की या खात्याखालची सगळी घरे एका कुळाप्रमाणे राहतील, कोणी थोरला नाही आणि कोणी धाकटा नाही, आणि करांचा वाटा न्यायाने उचलला जाईल. हीच हकिकत 1713 च्या शिळेवर कोरलेली आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर: होय, शब्दशः खरे आहे. ज्या माणसांना पूर्वज नव्हता त्यांनी तो कायदेशीर रीतीने दत्तक घेतला, असे म्हणायलाही हरकत नाही. देवाला मुलगा दत्तक दिल्याच्या कथा पुष्कळ असतात; इथे दिशा उलटी आहे. आजही थोंगलिंगच्या अनेक घरांत पूर्वजांच्या जागी ग्वान-दीची तसबीर पुजली जाते, त्याचे मूळ इथे आहे.

तैवानशी नाते कसे जुळले हेही सांगतो. 1684 नंतर तैवान आणि पेंगहू येथे फुजियानच्या ठाण्यांतून तीन-तीन वर्षांच्या पाळीने सैनिक पाठवले जात. थोंगशानचे सैनिक जाताना आपल्या देवाच्या धूपदानीतली राख बरोबर नेत आणि तिकडे त्यावर नवे स्थान उभारत. पेंगहूमधील मागोंग येथे 'थोंगशान भवन' नावाचे ग्वान-दीचे स्थान आहे, ते याच पाळीच्या सैनिकांचे. तैवानमधील अनेक ग्वान-दी मंदिरे आपले मूळ थोंगशानला मानतात आणि तिथले भाविक मोठ्या संख्येने इकडे येतात.

एक माणूस या चर्चेत राहून गेला. हुआंग दाओझोउ, जन्म 1585, याच थोंगशानचा. 'यी-जिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचा गाढा अभ्यासक, उत्तम सुलेखनकार आणि दरबारात सम्राटाला तोंडावर विरोध करण्याची खोड असलेला मंत्री. किल्ल्यासमोरच्या समुद्रातल्या छोट्या बेटावरील खडकांच्या गुहेत तो तरुणपणी अभ्यास करीत असे, असे सांगतात. मिंग राज्य बुडाल्यावर फुजियानमध्ये उभ्या राहिलेल्या लोंगवू सम्राटाच्या बाजूने तो तुटपुंजे सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाला, पकडला गेला, शरण जायला नकार दिला आणि 1646 मध्ये नानजिंग येथे त्याचा शिरच्छेद झाला. पुढे मांचू सम्राटांनीच त्याचा निष्ठावंत म्हणून गौरव केला, हा इतिहासाचा नेहमीचा खट्याळपणा.

---

सुरूबन यांचे उत्तर

वरील सर्वांनी जुन्या काळाविषयी इतके नेटके लिहिले आहे की मी विसाव्या शतकापुरतेच लिहितो. या बेटाचा वारसा 1713 ला संपत नाही, आणि वारसा म्हटला की फक्त दगडी वास्तूच मोजायच्या ही सवय मला पटत नाही.

प्रथम एक दुखरी गोष्ट. मे 1950 मध्ये चीनच्या यादवी युद्धात कम्युनिस्टांकडून हरलेल्या राष्ट्रवादी फौजा बेट सोडून तैवानकडे निघाल्या तेव्हा जाताना त्यांनी धडधाकट पुरुष पकडून नेले. थोंगबो नावाच्या एकाच गावातून 147 पुरुष नेले गेले आणि त्यांतले बरेच विवाहित होते. सामुद्रधुनी बंद झाली, पत्रसुद्धा येईना. त्या गावाला 'विधवांचे गाव' हे नाव पडले, जरी त्यांतल्या अनेकींचे नवरे पलीकडे जिवंत होते. 1987 नंतर भेटीगाठी सुरू झाल्या तेव्हा काही जण परतले, काही तिकडे दुसरा संसार मांडून बसलेले निघाले आणि काहींची केवळ मृत्यूची बातमी आली. आज गावात या साऱ्याचे छोटे संग्रहालय आहे.

त्या काळी ज्यांचे नातलग शत्रूच्या सैन्यात आहेत अशा कुटुंबांकडे नवी सत्ता संशयाने पाहत असे. त्यांच्यावरचा 'शत्रूचे कुटुंबीय' हा शिक्का पुसून 'युद्धाच्या आपत्तीत सापडलेली कुटुंबे' असे नाव द्यावे, हा आग्रह धरणारा अधिकारी म्हणजे गू वेनछांग, जो पुढे काउंटीतल्या कम्युनिस्ट पक्षाचा सचिव झाला. कागदावरच्या काही अक्षरांचा फेर, परंतु त्यावर धान्य, काम आणि मुलांचे शिक्षण अवलंबून होते. ओलेती शाई यांनी सांगितलेल्या 1713 च्या खात्याची मला इथे आठवण झाली: याच बेटावर, पुन्हा एकदा, वहीतल्या नोंदीने माणसांचे नशीब बदलले.

जुलै 1953 मध्ये राष्ट्रवादी फौजांनी दहा हजारांवर माणसांनिशी बेटावर चाल केली. मुख्य भूमीकडून कुमक येऊ नये म्हणून छत्रीधारी सैनिक बाछीमेनच्या खाडीपाशी उतरवले गेले, पण खाडी ओलांडण्याची जागा त्यांना ताब्यात घेता आली नाही. कुमक आली आणि दोन दिवसांत हल्ला फसला. तैवान सामुद्रधुनीच्या इतिहासात याचे महत्त्व असे की मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर राष्ट्रवादींनी केलेला एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा हा शेवटचा हल्ला ठरला.

आता वाळू. खारजमीन यांनी तिला वैरीण म्हटले ते अक्षरशः खरे होते. तैवान सामुद्रधुनी नरसाळ्यासारखी आहे; हिवाळ्यात ईशान्येचा वारा तिच्यातून दाबला जाऊन वेगाने घुसतो आणि पूर्व किनाऱ्यावरची मोकळी वाळू उचलून शेतांवर, विहिरींवर आणि घरांवर टाकतो. गावे गाडली जात, लोक देशोधडीला लागत, वाळूमुळे डोळ्यांचे आजार तर घरोघरी. 1950 च्या दशकात आधी वाळूवर बांध घालून पाहिले, गवत लावून पाहिले, वेगवेगळी झाडे लावून पाहिली. सगळे वाया गेले. मग सुरूचे झाड आणले गेले. हे मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे, आपल्याकडेही किनाऱ्यावर दिसते तेच. त्याला खरी पाने जवळजवळ नसतात, हिरव्या सुयांसारख्या काड्या असतात, म्हणून वारा त्याला ओरबाडू शकत नाही. मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्मजीव हवेतला नत्र पकडतात, म्हणून निकस वाळूतही ते जगते.

1958 मध्ये दोन लाखांवर रोपे लावली गेली आणि त्यानंतर आलेल्या थंडीच्या लाटेत त्यांतली बहुतेक सगळी मेली. सांगतात की नऊ झाडे जगली. गू वेनछांग याने म्हणे 'नऊ जगली तर नव्वद हजारही जगतील' असा हिशेब मांडला; शब्द त्याचे असोत वा पुढच्या कोणाचे, पण पुढचे काम खरे आहे. कोणत्या दिवसांत, किती ओलाव्यात आणि किती खोल रोप लावायचे याचे प्रयोग झाले, आणि 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्व किनाऱ्यावर सुरूचा अखंड पट्टा उभा राहिला. गू 1981 मध्ये वारला. त्याच्या अस्थी नंतर याच बनात आणून पुरल्या. पितरांचे स्मरण करण्याच्या छिंगमिंगच्या दिवशी आधी त्याला आणि मग आपल्या पूर्वजांना नमस्कार करण्याची रीत तिथल्या अनेक गावांत आहे. सरकारी प्रचाराने त्याला आदर्श कार्यकर्ता म्हणून पुष्कळ मिरवले हे खरे, परंतु ही रीत हुकमाने पडलेली नाही.

वनशास्त्राच्या अंगाने एक सावधगिरीची नोंद. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे एकदमच म्हातारी होतात, आणि सुरूच्या दाट पडलेल्या सुयांखाली त्याचीच नवी रोपे सहसा उगवत नाहीत. म्हणून असा पट्टा एकदा लावून विसरता येत नाही. तो टप्प्याटप्प्याने पुन्हा लावावा लागतो.

---

तटबंदी यांचा प्रतिसाद

अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मिळाले. एक शेवटची शंका: आता रस्ता बेटावर जातो. मग दोंगशानला बेट म्हणणे भौगोलिकदृष्ट्या बरोबर आहे का?

---

खारजमीन यांचे उत्तर

मधली सुमारे साठ वर्षे तसे म्हणणे थोडे वादग्रस्तच होते. 1960–61 मध्ये बाछीमेनच्या खाडीवर दगडमातीचा भरीव बांध घातला गेला. लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक. गाड्या थेट बेटावर जाऊ लागल्या आणि 1970 ते 1973 या काळात मुख्य भूमीवरील युनशियाओमधून सुमारे 86 किलोमीटरचा कालवा खोदून याच बाजूने बेटाला पाणी पोहोचवले गेले. बेटावर मोठी नदी नाही, त्यामुळे त्या पाण्याचे मोल तिथल्या माणसालाच कळेल.

परंतु बांध भरीव असल्यामुळे दोंगशान आणि झाओआन या दोन उपसागरांमधला भरती-ओहोटीचा प्रवाह तुटला. गाळ साचू लागला, पाणी कोंडले आणि कालवे-शिंपले व मासे पाळणाऱ्यांना त्याची झळ बसली. म्हणून अलीकडच्या वर्षांत वाहतूक पुलांवर वळवून तो बांध कापण्याचे आणि खाडी पुन्हा वाहती करण्याचे काम हाती घेतले गेले. रस्ता राहिला आणि पाणीही परत आले. त्यामुळे बेट हा शब्द आता निर्धास्तपणे वापरावा.

आणि भूवैज्ञानिक काळ मोजला तर हे बेटपण फारच ताजे आहे. दोंगशानपासून आग्नेयेकडे पेंगहू आणि तैवानच्या दिशेने समुद्रतळाचा एक उथळ उंचवटा जातो; त्यावरचे पाणी बऱ्याच ठिकाणी चाळीस मीटरहूनही कमी खोल आहे. शेवटच्या हिमयुगाच्या परमावधीला समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, म्हणजे हा सगळा उंचवटा कोरडी जमीन होता. भूवैज्ञानिक त्याला 'दोंगशान भूसेतू' म्हणतात. मच्छीमारांच्या जाळ्यांत या भागातून हत्ती, हरणे, रेडे अशा जमिनीवरच्या प्राण्यांची अश्मीभूत हाडे येत राहतात, आणि 1987 मध्ये अशाच हाडांच्या साठ्यात माणसाच्या दंडाच्या हाडाचा एक तुकडा ओळखला गेला, ज्याचे वय सुमारे दहा हजार वर्षे मानतात. शी लांगची गलबते 1683 मध्ये ज्या पाण्यावरून गेली, त्याच्या तळाशी एके काळी प्राण्यांच्या पायवाटा होत्या.

दप्तरखाना यांच्या उत्तरात एक छोटी भर घालतो. तटाचा जो भाग आज सलग दिसतो त्यातला बराचसा दुरुस्त केलेला आहे. मूळ चिरे पाहायचे असतील तर समुद्राकडच्या बाजूने, ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरून वर पाहावे. खालचे थर खडकाच्या उतारानुसार कसे बसवले आहेत ते तिथूनच नीट कळते.

---

दप्तरखाना यांचे उत्तर

भर मान्य आहे. तटबंदी यांना पुढे वाचायचेच असेल तर नकाशावर दोंगशानच्या नैर्ऋत्येला थोडे सरकावे. तिथे नान-आओ आहे, ग्वांगदोंग प्रांतातील एकमेव बेट-काउंटी. 1575 मध्ये मिंग सरकारने तिथे बसवलेल्या सेनापतीच्या हाताखाली फुजियान आणि ग्वांगदोंग या दोन्ही प्रांतांचे आरमार होते, आणि ते छोटे बेटसुद्धा कित्येक वर्षे दोन प्रांतांत विभागलेले होते. त्याच्या किनाऱ्याजवळ 2007 मध्ये मिंग काळातील एक बुडालेले गलबत सापडले. त्यातल्या हजारो चिनी मातीच्या भांड्यांत झांगझोउ परिसराच्या भट्ट्यांचा माल मोठ्या प्रमाणावर आहे. काळ साधारण तोच, युएगांगमधून परवान्याचा व्यापार सुरू झाल्यानंतरचा. त्यावर वेगळा धागा काढावा; या धाग्यात तो मावणार नाही.